न्यूटनच्या पुस्तकात नसलेलं न्यूटनचं सूत्र

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर. न्यूटनचा दुसरा नियम म्हणून शाळेत हेच पाठ करून घेतात. पण १६८७ साली छापलेल्या त्याच्या 'प्रिन्सिपिया'त हे समीकरण शोधायला गेलं, तर या रूपात ते कुठेच नाही.

मुळात बलाचा संबंध त्वरणाशी आहे, हेच कळायला दोन हजार वर्षं गेली. ॲरिस्टॉटलच्या मते ढकलणारा असेल तोवरच वस्तू चालते. हातगाडी ओढणाऱ्या कुणालाही विचारा, तोही हेच सांगेल! घर्षण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ही समजूत टिकली. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिडाँने तिच्यावर शंका घेतली, पण मोजमाप कुणी केलं नव्हतं.

ते गॅलिलिओने केलं. बारा हात लांब लाकडी तुळईत बोटभर रुंदीची खाच, आत गुळगुळीत चर्मपत्र आणि त्यावरून घरंगळणारी काशाची गोळी. सेकंदकाटा नव्हताच. मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पाणी पेल्यात पडू द्यायचं आणि ते तोलून वेळ ठरवायची. दुप्पट वेळेत चौपट अंतर, हे त्यातून निघालं. म्हणजे वेग ठरावीक दराने वाढत होता. १६३८ साली हे छापून आलं. पुढे १६४४ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने लिहिलं, की अडवलं नाही तर वस्तू सरळ रेषेत चालतच राहते.

न्यूटनने यात वस्तुमानाची भर घातली, आणि माझ्या मते त्याची खरी कमाल हीच. वस्तुमान म्हणजे वस्तूत किती द्रव्य आहे ते, वजन म्हणजे पृथ्वी तिला किती ओढते ते. तरी दोन्ही एकाच प्रमाणात असतात का? त्याने दोन सारख्या लाकडी डब्या अकरा-अकरा फुटांच्या दोऱ्यांना टांगल्या. एकीत लाकूड, दुसरीत तेवढ्याच वजनाचं सोनं. मग चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, पाणी, अगदी गहूसुद्धा. दोन्ही लंबक बरोबरीने झुलत राहिले, म्हणजे वस्तुमान आणि वजन एकाच प्रमाणात होते.

त्याचा नियम मात्र शब्दांत आहे: गतीतला बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणात असतो. इथे 'गती' म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ज्याला आज आपण संवेग म्हणतो. त्वरण हा शब्द नाही, किती वेळात बदल हेही नाही. मांडणी सगळी भूमितीची.

आजच्याशी जुळणारी समीकरणं स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७५० मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे मांडली. तिन्ही दिशांना एकेक. त्यांतही त्याच्या एककांमुळे २ हा जादा आकडा होताच. बल मोजायचं एकक असं निवडलं, की एक किलोग्रॅमला दर सेकंदाला, सेकंदाला एक मीटर इतका वेग वाढवून मिळावा, तर तो आकडा उरत नाही. त्या एककाला 'न्यूटन' हे नाव अधिकृतपणे मिळालं ते १९४८ साली.