किशोरवयीनांचे वैयक्तिक तंदुरुस्ती मूल्यमापन व ध्येयनिश्चिती (खानदेश)

साधारण 11 ते 18 वर्षांच्या मुलामुलींची शारीरिक क्षमता ठरावीक चाचण्यांनी मोजून प्रत्येकाला पेलेल असे, ठरलेल्या मुदतीचे लक्ष्य आखून देण्याची पद्धत. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत शाळा, आश्रमशाळा, क्रीडा मंडळे आणि गावोगावचे भरती सराव गट या सर्वांना ती लागू पडते. वर्गात नंबर काढण्यासाठी हे मोजमाप वापरू नये. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या नोंदीशी करावी, कारण एकाच इयत्तेतल्या दोन मुलांच्या शरीराच्या वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर सहज असते.

पूर्वतपासणी : चाचणीआधी पालकांची संमती घ्यावी आणि मुलाला एकांतात काही प्रश्न विचारावेत. पळताना छातीत दुखते का, चक्कर येऊन कधी पडला आहे का, दमा किंवा फिट्स आहेत का, घरात कोणी कमी वयात अचानक दगावले आहे का, गेल्या दोन आठवड्यांत ताप आला होता का. एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर धावण्याची चाचणी थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः भिल्ल व पावरा समाजांत, सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) प्रमाण लक्षणीय असल्याने त्याची तपासणी झाली आहे का, हे विचारलेच पाहिजे. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय दम काढणारी चाचणी देऊ नये. वाहक मुले, म्हणजे ज्यांच्या अंगात तो दोष आहे पण आजार नाही अशी, खेळू शकतात. मात्र त्यांना मागतील तेव्हा पाणी व विसावा द्यावा आणि उन्हात जीव तोडून पळवू नये. मुलगी दोन फेऱ्यांत धापा टाकत असेल, तर तिला आळशी ठरवण्याआधी हिमोग्लोबिन पाहावे. बारा वर्षांवरील मुलींत ते 12 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय धरतात आणि तिथे सरावाआधी उपचार हवा.

चाचण्या : खेलो इंडियाच्या शालेय चाचणीसंचात 9 ते 18 वयोगटासाठी उंची-वजनावरून शरीरवस्तुमान निर्देशांक, बसून पुढे वाकणे, अर्धे उठाव (पाठीवर झोपून खांदे उचलणे), पुशअप (मुलींसाठी गुडघे टेकवून), 50 मीटर धाव आणि 600 मीटर धाव किंवा चाल यांचा समावेश आहे. धावा शेवटी घ्याव्यात, 600 मीटर तर अगदी अखेरीस. मैदान अपुरे असेल, तर 20 मीटरची शटल धाव, म्हणजे दोन रेषांमध्ये ये-जा करण्याची धाव, चालते. तिचा वेग ताशी 8.5 किलोमीटरपासून सुरू होऊन दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो.

शरीरवस्तुमान निर्देशांक म्हणजे किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. 41 किलो व 1.52 मीटर असेल, तर 17.7. हा आकडा प्रौढांच्या तक्त्यात बघू नये. वय व लिंगानुसार वाढीच्या आलेखावरच ठेवावा. वजन पडद्याआड घ्यावे आणि मोठ्याने पुकारू नये. एकदा सगळ्यांसमोर वजन वाचले, की पुढच्या मोजणीला काही मुली येतच नाहीत.

मोजमाप बहुधा बारीक गोष्टींत बिघडते. पावलांनी आखलेली 200 मीटरची फेरी 190 भरते. टेपने, आतल्या रेषेपासून 20 सेंटीमीटर बाहेरून मोजून चुना टाकावा. काळ्या मातीचे मैदान पावसानंतर पायाला चिकटते आणि वेळ वाढतो, म्हणून मुरमाचे मैदान निवडावे व पुढच्या वेळीही तेच घ्यावे. पहिल्यांदा अनवाणी पळलेल्याने दुसऱ्यांदाही अनवाणीच पळावे. हातातल्या घड्याळाने 50 मीटरला दोन-तीन दशांश सेकंदांची चूक सहज होते. तेवढ्या फरकाला प्रगती म्हणू नये. तालमीत जाणारी मुले पुशअपच्या जागी जोर मारतात. जोर मारताना कंबर वर उचलून छाती कमानीत पुढे सरकते, त्यामुळे दोन्हींचे आकडे एकत्र मांडता येत नाहीत.

ध्येय ठरवणे : 8 ते 12 आठवड्यांसाठी एकच मोजता येणारे लक्ष्य आणि त्यासाठी दोन सवयी, एवढे पुरते. तेरा वर्षांच्या मुलीला 600 मीटरला 3 मिनिटे 20 सेकंद लागत असतील, तर 12 आठवड्यांत 3 मिनिटे 5 सेकंद हे पेलणारे लक्ष्य आहे. सवयी अशा : आठवड्यातून तीन दिवस 2 मिनिटे धाव व 1 मिनिट चाल अशा सहा फेऱ्या, आणि दोन दिवस ओट्यावर हात टेकवून पुशअप. पळताना एखादे वाक्य बोलता आले पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे. सरावातली आठवड्याची वाढ दहा टक्क्यांच्या आत ठेवावी. लक्ष्य मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगावे, प्रशिक्षकाने फक्त आकडा वास्तवात आणावा. ‘पाच किलो कमी करायचे’ असे लक्ष्य या वयात देऊच नये. पहाटे उपाशीपोटी येणाऱ्यांना अर्धा तास आधी एक केळे द्यावे. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, उडदाची दाळ व शेंगदाणे नेमाने पोटात जात असतील, तर बाहेरच्या पावडरीची गरज नसते.

खानदेशात सर्वाधिक नुकसान होते ते पोलीस भरतीचे निकष लवकर लादल्याने. मुलांची 1600 मीटर धाव व 7.26 किलोचा गोळा, मुलींची 800 मीटर धाव व 4 किलोचा गोळा हे निकष 18 वर्षांवरील उमेदवारांसाठी आहेत. नववीतली पोरे रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पूर्ण वेगाने 1600 मीटर पळतात आणि महिन्याभरात गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखणे सुरू होते. मुलींची उंची साधारण 12 व्या आणि मुलांची 14 व्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते. त्या काळात स्नायूंचा ताण हाडाच्या वाढत्या, कोवळ्या भागावर येतो. म्हणून दर तीन महिन्यांनी, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी, उंची मोजावी. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटर वाढ दिसली, तर उड्या व वेगाचा सराव कमी करून तोल, लवचीकता व हलक्या गोळ्याने तंत्र यांवर भर द्यावा. दुखणे घेऊन पळवू नये.

वेळापत्रक : पहिली मोजणी जुलैत, उघडिपीच्या सकाळी घ्यावी, दुसरी सप्टेंबरअखेर. दिवाळीनंतर कापूस वेचणीमुळे आणि नंदुरबारकडून ऊसतोडीला होणाऱ्या स्थलांतरामुळे हजेरी तुटते, म्हणून पहिले चक्र त्याआधीच पूर्ण व्हावे. तिसरी मोजणी फेब्रुवारीत. एप्रिल-मेमध्ये धावण्याची चाचणी टाळावी. भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांच्या वर जातो आणि त्या उन्हातला वेळ जुलैच्या नोंदीशी ताडता येत नाही. नोंदवहीत आकड्याशेजारी तारीख, वेळ, मैदान, पादत्राणे व चाचणी घेणाऱ्याचे नाव लिहावे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला त्याच्या पानाची प्रत सोबत द्यावी, म्हणजे नव्या शाळेत पुन्हा शून्यापासून मोजावे लागत नाही.