अपोहनकालीन व्यायाम

हीमोडायलिसिस (मूत्रपिंडे निकामी झाल्यावर यंत्राने रक्त शुद्ध करणे, म्हणजे अपोहन) चालू असताना खुर्चीत वा खाटेवर करून घेतला जाणारा व्यायाम. पायांतील बळ टिकवणे, तोल सुधारणे व पडण्याचा धोका कमी करणे हे त्याचे हेतू.

त्याच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील सेंट लुईस येथे गोल्डबर्ग, हार्टर प्रभृतींनी 1980 च्या सुमारास डायलिसिसच्या रुग्णांना नियमित व्यायाम दिला. काही लेखक श्रेय त्यांना देतात. मात्र तो डायलिसिसच्या वेळेबाहेरचा होता. रुग्ण यंत्राला जोडलेला असताना दिलेल्या व्यायामाचा पॅट्रिशिया पेंटर व सहकाऱ्यांचा 1986 चा अहवाल आरंभ मानणे अधिक सयुक्तिक. जर्मनीतील मोठ्या चाचणीत (2023) वर्षभराच्या व्यायामाने खुर्चीतून एका मिनिटात होणाऱ्या उठबशा वाढल्या. प्रत्यक्ष पडण्याची नोंद ठेवणारे अभ्यास थोडे आहेत.

व्यायाम पहिल्या दोन तासांतच घेतात. पुढे शरीरातील पाणी यंत्राने बरेच काढल्याने रक्तदाब उतरतो, पोटऱ्यांत गोळे येतात. 5 मिनिटे सावकाश, मग 20–30 मिनिटे व्यायामाच्या सायकलचे पेडल मारावे. दम लागला तरी वाक्य पुरे बोलता आले पाहिजे. नंतर घोट्याला अर्धा ते एक किलोची वजनपट्टी बांधून गुडघा 10 वेळा सरळ करावा, अशा दोन फेऱ्या. श्वास रोखू नये. फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने धमनी व शीर जोडलेला) हात हलवायचा नाही. सुई शिरेबाहेर सरकली तर हात सुजतो. पुरती निसटली तर यंत्राचा अलार्म वाजेलच असे नाही, म्हणून तो हात पांघरुणाबाहेर, नजरेसमोर हवा. जांघेत कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी) असल्यास मांडी दुमडणारे प्रकार वर्ज्य.

बसून केलेल्या व्यायामात शरीराचा भार पायांवर येत नाही; बळ वाढते, पण तोल आपोआप येत नाही. तोलाचा सराव यंत्राला जोडण्यापूर्वी, रक्तदाब पाहून उभ्यानेच घ्यावा: आधार धरून टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे लावून 10 सेकंद उभे राहणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे. मदतनीस रुग्णाच्या बाजूला, किंचित मागे असावा. डायलिसिसनंतर हा सराव टाळतात. तेव्हा रुग्णाला काही मिनिटे खाटेच्या कडेला पाय सोडून बसवावे, मग उभे करून रक्तदाब मोजावा. वरचा आकडा 20 ने उतरला किंवा भोवळ आली तर पुन्हा बसवावे. खुर्चीतून उठून 3 मीटर चालून परत येण्याचा वेळ हे प्रगतीचे सोपे माप. ते दर खेपेस डायलिसिसपूर्वीच घ्यावे.

भारतात पुष्कळांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होते. त्यांनी मधल्या दिवशी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून, घरचे कोणी जवळ असताना तोलाचा सराव चालू ठेवावा.