सहा आकडे आणि एक बोट

इंदिरानगरच्या घरातून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. लाइट गेली की वायफाय जातं, वायफाय गेलं की व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग, तुटतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून. पासवर्ड टाका, किल्ल्यांच्या जुडग्यातलं टोकन नावाचं छोटं यंत्र शोधा, त्यावरचे सहा आकडे टाइप करा. पाचव्या आकड्यापर्यंत पोचावं तर आकडे बदललेले! दिवसातून चारदा असं झालं की वाटतंच, हे काम लॅपटॉपलाच का लावू नये?

लावता येतं. त्या टोकनला नेट नसतं. आत असते एक गुप्त संख्या, म्हणजे सीड, आणि एक घड्याळ. सर्व्हरकडेही तीच सीड असते. टीओटीपी नावाच्या पद्धतीत १ जानेवारी १९७० पासून झालेले सेकंद मोजायचे, त्यांना सहसा ३० ने भागायचं, आलेली पूर्ण संख्या आणि सीड एकत्र घुसळून सहा आकडे काढायचे. दोन्हीकडे गणित एकच, म्हणून उत्तरही एकच.

मग सीड लॅपटॉपवरच ठेवली तर? ओपनकनेक्टसारखा व्हीपीएन जोडणारा प्रोग्रॅम आकडे स्वतःच काढून भरतो. मी आठवडाभर हेच केलं आणि खूश होतो. नंतर लक्षात आलं की पासवर्डही त्याच लॅपटॉपवर आहे. कुलपं दोन, पण किल्ल्या एकाच खिळ्याला! सीडची नक्कल झाली तरी आपल्याला पत्ता लागत नाही. मार्च २०११ मध्ये आरएसए कंपनीतून सिक्युरआयडी टोकनांची माहिती चोरीला गेली, तेव्हा पुढे ग्राहकांना टोकनं बदलून द्यायची तयारी तिला दाखवावी लागली होती.

यूएसबी टोकनाचा मामला वेगळा. ओळखीच्या सीएच्या ऑफिसात डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, डोंगल पाहिलं असेल, ते याच जातीचं. यात खासगी किल्ली चिपमध्येच तयार करता येते आणि ती बाहेर काढता येत नाही. सर्व्हर दरवेळी नवं कोडं पाठवतो, चिप आतल्या आत त्यावर सही करते, बाहेर येते ती फक्त सही. ती उद्याच्या कोड्याला चालत नाही. (डोंगलवरच पिनची चिठ्ठी चिकटवून, रबरबँड लावून ड्रॉवरमध्ये ठेवलेलीही मी पाहिलीत. त्यावर चिपकडे उपाय नाही.)

आता लॉगिन माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, करते. ती टोकन शोधते, सही मागते आणि टोकनावरचा दिवा लुकलुकतो. माझं यूएसबी टोकन युबिकी नावाचं, त्यावर मधोमध सोनेरी चकती आहे, तिला बोट लावायचं. ती ठसा बघत नाही, कुणाचंही बोट चालतं. लॅपटॉपमध्ये घुसलेल्या व्हायरसला मात्र बोट नसतं. सेटिंगमध्ये ही अट काढता येते, पण मग टोकन खोचलेलं असेपर्यंत लॅपटॉपमध्ये शिरलेला कुणीही सह्या मारत बसेल. अंबडच्या कारखान्यात रात्री आपोआप जोडल्या जाणाऱ्या मशिनसाठी ती काढावीच लागते. तिथे त्या मशिनच्या लॉगिन खात्याला कंपनीच्या नेटवर्कमध्ये फार हिंडू द्यायचं नाही.

बोट कशासाठी मागितलंय, हे दिवा सांगत नाही. परवा व्हीपीएन चालू असतानाच तो लुकलुकायला लागला. मी हात मागे घेतला आणि एकेक विंडो तपासत गेलो. सही मागणारा निघाला तो सकाळी मीच उघडून विसरलेला सर्व्हरचा टर्मिनल, म्हणजे सर्व्हरला आज्ञा देण्याची विंडो.