टॉमी जॉन : शस्त्रक्रियेच्या नावामागचा पिचर

बेसबॉलच्या बातम्या वाचणाऱ्याला ‘अमक्या पिचरची टॉमी जॉन झाली’ हे वाक्य नवं नाही. पिचर म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज. २०१८ साली जपानी बेसबॉलपटू शोहेई ओतानीबद्दलही तेच वाचायला मिळालं. हे कोपराच्या एका शस्त्रक्रियेचं नाव. पण ज्याच्यावरून ते पडलं, तो केवढा मोठा पिचर होता, याची आठवण फारशी कुणी काढत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जॉनचा जन्म २२ मे १९४३ रोजी इंडियाना राज्यातल्या टेर होटचा. डावखुरा. १९६३ मध्ये तो क्लीव्हलँडच्या संघाकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत उतरला, पुढे शिकागो व्हाइट सॉक्स आणि १९७२ पासून लॉस एंजेलिस डॉजर्सकडे आला. वेग बेताचाच, सगळी भिस्त सिंकरवर. हा चेंडू फलंदाजापाशी पोहोचता पोहोचता खाली बसतो. मग फटका उडत नाही, सरपटत क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो.

१९७४ च्या हंगामात तो ऐन बहरात होता : १३ विजय, ३ पराभव. (बेसबॉलमध्ये संघाचा विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावावर लिहितात.) १७ जुलैला माँट्रियल एक्स्पोजविरुद्ध चेंडू टाकताना कोपरात काहीतरी भलतंच झालं. त्याने आणखी एक टाकून पाहिला. त्यात जीवच नव्हता. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा, तुटलं होतं. क्रिकेटच्या गोलंदाजाला चेंडू टाकताना वाकलेलं कोपर १५ अंशांहून जास्त सरळ करायची मुभा नाही. पिचरवर असं बंधन नसतं. तो वाकलेला हात चाबकासारखा फिरवतो आणि प्रत्येक चेंडूचा ताण नेमका या लिगामेंटवर येतो. त्या काळी ते तुटलं की पिचरचा खेळ संपला असंच समजत.

अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी एक शीर उठून दिसेल. खरं तर तो टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर. काहींच्या हातात तो नसतोच, आणि नसल्याने काही अडतही नाही. डॉजर्सचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी जॉनच्या उजव्या हातातला हा टेंडन काढला, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यांतून तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ओवला. पुन्हा पिच करता येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती.

पुढचे महिने कठीण गेले. मज्जातंतूला इजा झाल्याने बोटं आखडली, डिसेंबरमध्ये दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा अख्खा हंगाम वाया गेला. हाताच्या हालचालींचा अभ्यास असलेला सहकारी पिचर माइक मार्शल याने त्याच्याकडून सराव करून घेतला. १९७६ मध्ये जॉन परतला तो १० विजय घेऊन. १९७७ मध्ये २०. नंतर न्यूयॉर्क यांकीजकडून १९७९ मध्ये २१ आणि १९८० मध्ये २२.

४६ व्या वर्षी, १९८९ मध्ये तो थांबला तेव्हा २६ हंगाम आणि २८८ विजय नावावर होते. त्यांतले १६४ शस्त्रक्रियेनंतरचे! निम्म्याहून जास्त कारकीर्द त्या ओवलेल्या टेंडनवर उभी राहिली. डॉ. जोब यांचा २०१३ मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानदालनात गौरव झाला, तो योग्यच होता. जॉनला मात्र तिथे जागा मिळायला बेसबॉल पत्रकारांची ७५ टक्के मतं हवी होती. पंधराव्या आणि शेवटच्या प्रयत्नात, २००९ मध्ये, ३१.७ टक्के पडली.