गिगाबिट असूनही उशीर

गिगाबिटची केबल टाकली की मशिन आपोआप वेगाने चालेल, हा समज भल्याभल्यांत आढळतो. वास्तविक कारखान्यातल्या नेटवर्कवरून जाणारी माहिती चिमूटभर असते. सर्व्होमोटरला (सांगितलं तेवढंच नेमकं फिरणाऱ्या मोटरीला) दर मिलिसेकंदाला नवा हुकूम हवा, तोही चार-आठ बाइटचा. फक्त तो वेळेवर हवा. छपाईयंत्रात कागद सेकंदाला 10 मीटर धावत असेल, तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या उशिरात तो 5 मिलिमीटर पुढे गेलेला असतो आणि एक रंग दुसऱ्यापासून सुटतो.

नेहमीच्या इथरनेटची लहानात लहान फ्रेमही, म्हणजे माहितीचं एक पाकीटही, 64 बाइटची. प्रिअँबल (फ्रेम येतेय अशी आधीची खूण) आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा धरून 84. चार बाइटसाठी एवढा पसारा! 100 मेगाबिटच्या तारेवर त्याला 6.72 मायक्रोसेकंद लागतात. शंभर मोटरींना नुसते हुकूम द्यायला 672. वर स्विचमध्ये, म्हणजे फ्रेम पुढे धाडणाऱ्या पेटीत, रांग लागली तर किती थांबावं लागेल, याचा नेम नाही.

2003 मध्ये जर्मनीच्या बेकहॉफने आणलेल्या इथरकॅट या कारखान्यांसाठीच्या इथरनेटमधली युक्ती मला म्हणूनच फार आवडते. मास्टर, म्हणजे हुकूम देणारा नियंत्रक, सगळ्यांसाठी एकच फ्रेम सोडतो. ती स्लेव्हमधून (मोटरीसारख्या हुकूम घेणाऱ्या उपकरणातून) जात असतानाच तिथली चिप आपल्या वाट्याचे बाइट उचलते आणि आपली माहिती त्याच फ्रेममध्ये लिहिते. फ्रेम पूर्ण येण्याची वाट पाहणं नाही. शेपूट अजून मास्टरमधून निघायचं असतं, तेव्हा तोंड कितीतरी स्लेव्ह ओलांडून गेलेलं असतं. बाइट बदलले की शेवटचा सीआरसी (चूक पकडणारा पडताळा-आकडा) चुकणार, म्हणून चिप तोही जाता जाता नव्याने मोजते. काम झालं की प्रत्येक स्लेव्ह फ्रेममधला वर्किंग काउंटर वाढवतो. परतलेल्या फ्रेममध्ये अपेक्षित आकडा नसेल, तर कुणीतरी गळलं हे मास्टरला लगेच कळतं. आपल्या शंभर मोटरींचे 400 बाइट एका फ्रेममध्ये सहज मावतात.

'5जी आलं, आता वायरी गेल्या' असं सांगणारे बहुधा सरासरी उशीर सांगतात. छपाईयंत्राच्या रोलरला सरासरीशी काय देणंघेणं? वाईटात वाईट उशीर किती, ते विचारा.

अर्थात टाकीतली पातळी सेकंदाला एकदा वाचायची असेल, तर इथरकॅट कशाला? 1979 चा मॉडबस हा साधा संवाद-नियम आरएस-485 या साध्या तारजोडणीवर मजेत चालतो. प्रोफिनेट की इथरनेट/आयपी (कारखान्यांसाठीचे इथरनेटचे आणखी दोन प्रकार), हे तर बहुतेकदा पीएलसी, म्हणजे मशिन चालवणारा संगणक, कोणत्या कंपनीचा यावरच ठरतं. मॉडबस घेतलात तर मात्र एक पथ्य पाळा: साध्या मॉडबसमध्ये पासवर्डच नाही, तारेवर जो येईल त्याचा हुकूम तो मानतो. ऑफिसच्या नेटवर्कला तो थेट जोडू नका.