माळाला आधी गवत हवे: परिसंस्था सावरण्याच्या विचाराची वाटचाल

उजाड जमीन सावरायची म्हटले की आपल्याकडे आधी खड्डे खणले जातात आणि रोपे मागवली जातात. परिसंस्था, म्हणजे एखाद्या जागेची माती, झाडझाडोरा आणि प्राणी यांची एकत्र घडी, सावरण्याच्या शास्त्राच्या सुरुवातीच्या एका मोठ्या प्रयोगात मात्र परत आणायचे होते ते गवत.

अमेरिकेत मॅडिसनजवळची एक थकलेली शेतजमीन विस्कॉन्सिन विद्यापीठाने घेतली आणि १९३४ मध्ये तिथे संशोधन-उद्यान सुरू केले. तिथले वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांना तिथे प्रेअरी, म्हणजे मूळचे गवताळ रान, पुन्हा उभे करायचे होते. महामंदीत बेरोजगार झालेल्या तरुणांनी सरकारी योजनेतून हे काम केले. शिल्लक राहिलेल्या प्रेअरीतून मातीसकट गवताचे गड्डे आणून लावले. तरीही युरोपातून आलेले ब्लूग्रास नावाचे गवत हटेना. १९४०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांनी ठरवून आग लावण्याचे प्रयोग केले, तेव्हा गाडे पुढे सरकले. ब्लूग्रास लवकर हिरवे होते, त्यामुळे वसंतातली आग त्यालाच भोवते. मूळ गवते उशिरा, खोल मुळांतून फुटतात. नुसती लागवड पुरेशी नव्हती, त्या रानाला घडवणारी आगही परत आणावी लागली.

महाराष्ट्रात उजाड जमीन सावरण्याच्या कामाला चालना दिली ती १९७२च्या दुष्काळाने. रोजगार हमीतून बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव झाले. पण मोकाट चराई आणि कुऱ्हाड थांबली नाही तिथे चर खणूनही डोंगर उघडेच राहिले. हिवरे बाजारने १९९०नंतर हे नेमके ओळखले. सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले. डोंगरावर जनावरे सोडायची नाहीत, गवत मात्र कापून न्यायचे, हा साधा नियम मला तिथल्या सगळ्या बंधाऱ्यांइतकाच मोलाचा वाटतो. जमिनीवरचा ताण आधी उतरवला, म्हणून पुढची कामे टिकली.

दुसरीकडे एक चूक वर्षानुवर्षे होत राहिली. सोलापूर, पुणे, नगरकडची माळराने महसुली दप्तरात पडीक ठरली. मग ती ‘हिरवी’ करण्यासाठी तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), सुबाभूळ, निलगिरी लावली गेली. चिंकारा, लांडगा आणि माळढोक, धाविक, चंडोल या पक्ष्यांना उघडा माळच लागतो. झाडांच्या दाटीत माळढोकाला दूरवरचे दिसत नाही, आणि सावलीत मारवेल-पवन्यासारखी गवते मागे पडतात. माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, तरी हा पक्षी महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला. त्याची कारणे अनेक, पण अधिवास हरवणे हे त्यातले मोठे.

ही चूक निस्तरणे सोपे नाही. गिरिपुष्प तोडले की खोडातून पुन्हा जोमाने फुटते, म्हणून ते मुळासकट काढावे लागते. स्थानिक गवतांचे बी पावसाळ्यानंतर पिकेल तसे गोळा करून पुढच्या पावसाच्या तोंडावर पेरायचे, आणि ते रुजेपर्यंत जनावरे बाहेर ठेवायची. त्या काळात मेंढपाळांना चाऱ्याची दुसरी सोय करून द्यावीच लागते. माळावर त्यांची चराई पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि त्यांना हाकलून केलेले काम टिकत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे परिसंस्था पुनरुज्जीवनाचे दशक म्हणून जाहीर केले आहे. भारताने २०३०पर्यंत २.६ कोटी हेक्टर जमीन सावरण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यातला माळरानांचा वाटा रोपांच्या संख्येवर मोजला, तर उरलेसुरले माळही जातील.