बारा-एकसष्ट आणि गाडीतला लाल सिलिंडर

उन्हाळा लागला की खंबाटकी घाटात गाडी पेटल्याची बातमी येतेच. मग साताऱ्यात चहाच्या टपरीवर दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "गाडीत फायर सिलिंडर नव्हता." आणि दुसरं, "होता हो, पण मारूनही विझलं नाही." पहिल्याचा उपाय दुकानात मिळतो. दुसऱ्यामागे मात्र एक पक्का गैरसमज आहे. सिलिंडरमधली भुकटी आगीवर पांघरूण घालते, हवा तोडते आणि म्हणून आग विझते, असं आपण धरून चालतो. उघड्या रस्त्यावर, घाटातल्या वाऱ्यात, मूठभर भुकटी कसली हवा तोडणार? ती वेगळंच काम करते. ते काम नीट कळलं, की कोणता सिलिंडर घ्यायचा आणि तो कसा मारायचा हे दोन्ही कळतं.

शाळेत आगीचा त्रिकोण शिकवतात: इंधन, उष्णता, प्राणवायू. त्याला चौथी बाजू असते, साखळी अभिक्रिया. पेट्रोलची वाफ तापली की तिचे रेणू फुटतात आणि हायड्रोजनचे सुटे अणू बाहेर पडतात. हा सुटा अणू अतिशय क्रियाशील असतो. तो प्राणवायूच्या रेणूवर आदळला की एकाचे दोन होतात: ऑक्सिजनचा सुटा अणू आणि ओएच, म्हणजे हायड्रॉक्सिल. तो ऑक्सिजन पुढे हायड्रोजनच्या रेणूला गाठतो, पुन्हा एकाचे दोन. यांना मुक्त मूलक म्हणतात. ज्योत टिकते ती यांच्या गुणाकारावर. हे मूलक जितक्या वेगाने जन्मतात त्याहून जास्त वेगाने मारता आले, तर इंधन आहे, हवा आहे, तरीही ज्योत जागच्या जागी संपते.

आता सिलिंडरमधली भुकटी पाहू. एबीसी प्रकारच्या सिलिंडरमध्ये मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट असतं. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला हे नाव सांगावं लागत नाही. ठिबकमधून सोडतात ते १२:६१:०० खत, म्हणजे आपलं बारा-एकसष्ट, तेच हे. आगीत पडल्यावर ते साधारण १९० अंश सेल्सिअसला वितळतं आणि फुटू लागतं. त्यात ते ज्योतीतली बरीच उष्णता खातं. त्यातून फॉस्फरसची छोटी संयुगं मोकळी होतात. त्यातलं एक, फॉस्फरसचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन, समोर आलेल्या सुट्या हायड्रोजनला धरून ठेवतं. त्याच्यावर ओएच आदळला की हायड्रोजन आणि ओएच मिळून पाणी होतं, आणि फॉस्फरसचं संयुग जसं होतं तसं मोकळं होतं, पुढचा हायड्रोजन धरायला. स्वतः न संपता ते मूलकांमागून मूलक संपवत जातं. एवढीशी भुकटी एवढी आग का विझवू शकते, याचं उत्तर इथे आहे, आणि मला रसायनशास्त्रातल्या सुंदर गोष्टींत ही फार वरची वाटते. पूर्वी आग विझवायला वापरायचे त्या हॅलॉन १२११ वायूमधलं ब्रोमीन याच पद्धतीने काम करायचं. ओझोन थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झालं.

कणाचा आकारही महत्त्वाचा. ज्योतीतून जाताना कण पूर्ण वितळून वाफ व्हायला तो साधारण २०-३० मायक्रॉनच्या आत हवा, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. पण इतकी बारीक भुकटी लांब फेकली जात नाही. म्हणून तिच्यात जाडे कणही ठेवतात. ते जोरात जातात आणि बारीक कणांना सोबत ओढून नेतात. ओल लागून गठ्ठा होऊ नये म्हणून कणांवर सिलिकॉनचा थर देतात. त्यामुळे खताच्या पोत्यातलं बारा-एकसष्ट सिलिंडरमध्ये भरून चालत नाही.

यावरून "मारूनही विझलं नाही" का, ते समजतं. लांबून, घाबरून, ज्वाळेच्या शेंड्यावर भुकटी मारली तर ती फुकट जाते. मूलकांचा जन्म होतो तो बुडाशी, जिथे इंधनाची वाफ आणि हवा एकत्र येतात. दोन मीटरच्या आसपास जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून, बुडाशी आडवा झाडू मारल्यासारखी फवारणी हवी. एक किलोचा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो, तेव्हा अंदाज घेत थोडं थोडं मारायला वेळ नसतो. आणि भुकटी लोखंड थंड करत नाही. सायलेन्सर लालभडक असेल आणि पेट्रोल गळतच असेल, तर विझलेली आग पुन्हा पेट घेते. बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नये. आतून खटका ओढायचा, सुटलेल्या फटीतून भुकटी आत मारायची. पूर्ण उघडलं की हवेचा झोत आत शिरतो आणि भडका थेट तोंडावर येतो.

तर घ्यायचा कोणता? मोटारीला एबीसी भुकटीचा एक किलोचा, जीप-टेम्पोला दोनचा. यातला ए म्हणजे सीट, कापड, टायर असे घन पदार्थ, बी म्हणजे पेट्रोल-डिझेल, सी म्हणजे गॅस. नुसत्या बीसी भुकटीत खाण्याचा सोडा असतो. पेट्रोलवर तो उत्तम, पण पेटलेल्या सीटवर चालत नाही. फॉस्फेट वितळून निखाऱ्यावर चिकट थर धरतं, सोडा धरत नाही. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर गाडीसाठी नको. वाऱ्यात गॅस उडून जातो, बंद केबिनमध्ये माणूस गुदमरतो, आणि ३१ अंशांच्या वर त्यातला द्रव द्रव राहत नाही, दाब भराभर चढतो. एप्रिलमध्ये उन्हात उभी गाडी आतून ६० अंशांपर्यंत तापते. आगीत फेकायचे गोळे आणि डिओडोरंटच्या डब्याएवढे स्प्रे यांच्या जाहिराती जोरात आहेत. बॉनेटखालच्या अडचणीच्या जागेत गोळा फेकणार कुठे? लेबलवर आयएसआयची खूण आणि आयएस १५६८३ हा क्रमांक बघा. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा.

दुसरी गोष्ट हाताने तपासायची. गाडीच्या हादऱ्यांनी भुकटी तळाशी घट्ट बसते. महिन्यातून एकदा सिलिंडर काढून उलटा करा, तळावर हाताने थापट्या मारा. आत भुकटी सरकल्याचं हाताला जाणवायला हवं. काही सरकलं नाही, तर काटा हिरवा असला तरी उपयोग नाही. नळीतून भुकटी ढकलणारा नायट्रोजन वायू तेवढा फुसकन निघून जाईल. सिलिंडर डिकीत ठेवू नका. पुढच्या सीटखाली, लोखंडी पट्ट्यात घट्ट आवळून ठेवा. मोकळा राहिला तर घरंगळत ब्रेकखाली जाईल.

घाटातल्या ठरावीक वळणाला लोक 'वाईट जागा' म्हणतात, गाडीला लिंबू-मिरची बांधतात. वळणात काही वाईट नसतं. चढाला खालच्या गिअरमध्ये इंजिनावर ताण येतो, वेग कमी म्हणून रेडिएटरला वारा मिळत नाही. उताराला ट्रकचे ब्रेक लायनर तापून टायर पेटतात. त्यात कुणी जादा दिवे लावताना फ्यूजच्या जागी तार बांधलेली असते. ती तार काढा. पावसाळ्यानंतर यवतेश्वर-कासच्या वाटेवर वाळल्या गवतावर तापलेली गाडी उभी करू नका. सायलेन्सरखालच्या गवताला तेवढं पुरतं.

दोन आगी या सिलिंडरच्या आवाक्याबाहेरच्या. सीएनजीची गळती बंद करता येत नसेल, तर ज्योत विझवून न जळलेला गॅस साचतो, तो जास्त धोकादायक. आणि इलेक्ट्रिक गाडीची लिथियम बॅटरी पेटली, तर उष्णता सेलच्या आतच तयार होत राहते. तिथे मूलक मारून भागत नाही, भरपूर पाणी लागतं. दोन्ही वेळी माणसं उतरवायची, लांब व्हायचं, १०१ किंवा ११२ ला फोन करायचा.

एकदा दाबलेला सिलिंडर अर्धा उरला म्हणून ठेवू नका. भुकटीचे कण झडपेत अडकतात आणि उरलेला दाब हळूहळू गळून जातो. भरायला द्याल तेव्हा आत कोणती भुकटी होती ते सांगा. फॉस्फेटवर सोडा भरला गेला, तर थोड्या ओलीनेही दोघांची अभिक्रिया होते, कार्बन डायऑक्साइड सुटून आतला दाब वाढतो आणि भुकटीचा दगड होतो.